आपल्या दारातलं बेट

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. पडद्यावर दाखवलेले फोटो इथे नाहीत, म्हणून त्यांचं वर्णन थोडं वाढवलं आहे.)



संयोजकांचा फोन आला, "तू फोटो काढतेस ना? मग पंधरा मिनिटं फोटो दाखव आणि बोल." फोटो दाखवणं सोपं आहे. बोलायचं म्हटल्यावर पोटात गोळा आला. वक्तृत्व स्पर्धेच्या यादीत माझं नाव कधी नसायचं, हे बाईंना आठवत असेलच. गेली चोवीस वर्षं मी प्रोग्रॅम लिहिते आणि दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. आज मात्र माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे. तिच्याकडे शेवटी येते.

कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'उष्ण कटिबंधातलं एक बेट' असा छापलाय. तो वाचून सकाळपासून तिघींनी विचारलं, अंदमानला गेली होतीस की मॉरिशसला? या बेटावर जायला विमान लागत नाही. डोंबिवलीहून ठाण्याची लोकल पकडायची. कळवा सोडलं की खाडीवरचा पूल लागतो. पूल संपला की आपण बेटावर. त्या बेटाचं नाव साष्टी.

हे नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, नव्हे घोकलंय. इतिहासाच्या तासाला सर विचारायचे, मराठ्यांनी साष्टी कधी घेतली? १७३७. वसई? १७३९. सालबाईच्या तहाने साष्टी कोणाकडे राहिली? इंग्रजांकडे, १७८२. मला या प्रश्नांचे पैकीच्या पैकी मार्क होते. पण ही साष्टी म्हणजे आपल्या बाबांचं ऑफिस, मावशीचं मुलुंडचं घर, ठाण्याचा मासुंदा तलाव आणि कान्हेरीची लेणी, सगळं जिच्यावर आहे ती जमीन, हे काही डोक्यात शिरलं नव्हतं. मुंबईची सात बेटं पाठ होती. त्यांच्या उत्तरेला त्या सातांहून कितीतरी मोठं असं हे बेट आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची खाडी. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, मग पूल झाले, भराव झाले आणि बेट म्हणून त्याची ओळख पुसली गेली.

आपला, म्हणजे डोंबिवलीकरांचा आणि कल्याणकरांचा, या बेटाशी आणखी एक संबंध आहे. राजमाचीच्या दरीतून निघालेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करत आपल्या मोठागावच्या रेतीबंदरावरून पुढे जाते. ठाण्याजवळ तिला बेट आडवं येतं. तिचा मोठा प्रवाह वसईकडे वळतो आणि एक लहान फाटा ठाण्याच्या खाडीला मिळतो. म्हणजे आपल्या घरामागून वाहणारं पाणीच त्या जमिनीला बेट करतं. १ मे १८५४ ला ठाण्यापासून कल्याणपर्यंत रेल्वे सुरू झाली, तेव्हा गाडीने ही खाडी ओलांडली. आपण ती त्यानंतर हजारो वेळा ओलांडली, पण तिच्याकडे पाहिलं कोणी?

आता पहिला फोटो. हा माझा नाही. स्मरणिकेसाठी जुने फोटो शोधताना सापडला. नववीची सहल, कान्हेरी, १९९३. बाईंच्या कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल होता आणि आपल्या वर्गाच्या वाट्याला एकच फोटो आला होता. दगडी पायऱ्यांवर आपण बत्तीस जण. सगळे कॅमेऱ्याकडे बघतोय, दोघांनी पुढच्याच्या डोक्यामागे शिंगं केली आहेत. मी हा फोटो स्कॅन करून मोठा केला तेव्हा आपल्या मागचं जंगल दिसलं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, शंभराहून जास्त चौरस किलोमीटर. त्याच्या पोटात विहार आणि तुळशी हे तलाव, १८६० आणि १८७९ मध्ये मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेले. आपण तिथे दिवसभर होतो. मला आठवतात ते बटाटेवडे आणि गाण्याच्या भेंड्या. झाड एकही आठवत नाही.

मी कॅमेरा घेतला तो निसर्गप्रेमाने वगैरे नाही. ऑफिस ऐरोलीला होतं, मानेचं दुखणं सुरू झालं होतं, डॉक्टरांनी सकाळी चाला म्हणून सांगितलं. खाडीकडे चालायला लागले. तिथे वनविभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून बोटीने खाडीत नेतात. एका सकाळी ऑफिसातल्या मैत्रिणीचा कॅमेरा उसना घेऊन बोटीत बसले.

हा दुसरा फोटो त्या दिवसाचा. फोकस चुकलाय, पण मी तो पुसला नाही. ऐरोलीहून पश्चिमेला बघायचं, म्हणजे सकाळचं ऊन पाठीमागून येतं. सगळ्यात पुढे खाडीचा चिखल. चिखलात गुलाबी रेघ आहे ना, ते रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. त्यांच्या मागे हिरवा पट्टा तिवरांचा. त्यामागे मुलुंड-भांडुपचे टॉवर आणि टॉवरांच्या डोक्यावरून दिसणारा येऊरचा डोंगर. खाडी, कांदळवन, शहर, जंगल, सगळं एका चौकटीत. बाई, भूगोलाच्या वहीत तुम्ही बेटाचा आडवा छेद काढायला सांगायचात, तो मला त्या दिवशी पहिल्यांदा समजला.

पुढचे फोटो जवळून काढलेत. रोहित मान खाली घालतो, चोच उलटी करतो आणि चिखलाचं पाणी गाळून शेवाळ खातो. त्या खाण्यातूनच त्याला रंग येतो. पिल्लं मुळात करडी असतात. गडद लाल चोचीचा तो लहान रोहित, आणि गुलाबी चोचीला काळं टोक असलेला, उंच, तो मोठा रोहित. बहुतेक पक्षी गुजरातकडून येतात. हिवाळ्यात येतात, पावसाच्या तोंडावर जातात. मुंबईच्या खाडीत ते मोठ्या संख्येने यायला लागले नव्वदीच्या दशकात, म्हणजे आपण शाळेत होतो त्याच सुमारास. सांडपाण्यामुळे खाडीत शेवाळ वाढलं हे त्याचं एक कारण अभ्यासक सांगतात. सुंदर गोष्टीमागचं कारण सुंदरच असतं असं नाही. २०१५ मध्ये इथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीचा रामसर यादीत समावेश झाला. महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही जगभरची यादी आहे.

आता हा फोटो. तिवराच्या श्वसनमुळांत उभा असलेला बगळा. चिखलात हवा नसते म्हणून तिवर आपली मुळं पेन्सिलींसारखी वर काढतो. या मुळांत एक पिशवी अडकली आहे. तिच्यात झेंडूच्या माळा आहेत. मित्रांनो, कॉलेजला जाताना आई माझ्या हातात निर्माल्याची पिशवी द्यायची आणि मी लेडीज डब्याच्या दारातून, कळव्याच्या पुलावर, ती खाडीत टाकायची. दर गुरुवारी. हात जोडून टाकायची. तुमच्यातल्याही बऱ्याच जणी हसताहेत, म्हणजे मी एकटी नव्हते. फुलं कुजून गेली असतील. माझ्या पिशव्या कुठल्या मुळांत आहेत कोण जाणे.

बेटावरचा सगळ्यात प्रसिद्ध रहिवासी म्हणजे बिबट्या. २०१५ च्या अभ्यासात या जंगलात आणि आसपास पस्तीस बिबटे मोजले गेले. मोजणी होते आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. त्यामुळे कोण कुठे दिसला ते जुळवता येतं. माझ्याकडे बिबट्याचा फोटो नाही, मी त्याला पाहिलेलाही नाही. पण नयन खानोलकर यांचा एक फोटो तुम्ही जरूर शोधून बघा. आरे वसाहतीतल्या आदिवासी पाड्यात, दोन घरांमधल्या बोळातून रात्री बिबट्या चाललाय, अगदी घरच्यासारखा. या एका फोटोसाठी त्यांनी चार महिने प्रयत्न केले. २०१६ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत शहरी विभागात त्याला पहिला क्रमांक मिळाला. तिथले वारली लोक वाघोबाला पुजतात. मला त्या फोटोत बिबट्याइतकंच ते बंद दार दिसतं. आत माणसं झोपली आहेत, बाहेरून तो जातोय, आणि दोघांनाही एकमेकांची माहिती आहे.

चार महिने थांबणारे असतात, तशी घाई करणारीही असतात. आता माझ्या चुकीकडे येते.

२०१९ चा जून. येऊरच्या बाजूला मला नवरंग पक्ष्याचं घरटं दिसलं. नवरंग पावसाच्या तोंडावर येतो. हिरवी पाठ, पंखांवर निळा तुकडा, शेपटीखाली लाल, डोळ्यावर काळा पट्टा. घरटं म्हणजे काटक्या आणि पानांचा गोळा, जमिनीपासून फार वर नाही. आई-बाप चोचीत गांडुळं भरून आणत होते. मी लांब उभी राहून फोटो काढला. फोटो चांगला आला, खरंच चांगला. संध्याकाळी आमच्या छायाचित्रकारांच्या ग्रुपवर टाकला आणि मोठा करून बघता यावा म्हणून मूळ फाइलच डॉक्युमेंट म्हणून पाठवली.

इथे थोडं माझ्या धंद्यातलं सांगते. फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर इतर माहितीही असते: तारीख, वेळ, कॅमेरा, आणि सोय चालू असेल तर अक्षांश-रेखांश. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जशीच्या तशी राहते. अक्षांश-रेखांशाचे पाच दशांश म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. हे मला माहीत होतं. ऑफिसात मी हे इतरांना शिकवते. त्या दिवशी मात्र मला फक्त शाबासकी हवी होती.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा घरट्यासमोर अकरा माणसं होती. एकजण मोबाइलवर नवरंगाची शीळ वाजवत होता, पक्षी पुढे यावा म्हणून. समोरच्या दोन फांद्या तोडल्या होत्या, चित्र स्वच्छ दिसावं म्हणून. मी काही बोलले नाही. बोलणार काय? पत्ता मीच दिला होता. त्यानंतरच्या रविवारी घरटं रिकामं होतं. पिल्लं उडण्याइतकी मोठी झाली नव्हती. सापाने नेली, मांजराने नेली की आई-बाप सोडून गेले, मला माहीत नाही. फांद्या कशामुळे तुटल्या ते माहीत आहे.

तो फोटो आज मी आणलेला नाही. बक्षीस मिळालं असतं असं लोक म्हणतात. मी तो कुठेही दिला नाही, देणार नाही.

तेव्हापासून काही नियम पाळते. घरट्याचा फोटो काढत नाही. रेकॉर्ड केलेली शीळ वाजवत नाही. कॅमेऱ्यातली ठिकाणाची नोंद बंद ठेवते. कुणी विचारलं, कुठे काढलास, तर "साष्टीत" एवढंच सांगते. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या काही संकेतस्थळांवर दुर्मीळ जातींचं नेमकं ठिकाण मुद्दाम धूसर केलेलं असतं. म्हणजे ही काळजी प्रोग्रॅममध्ये घालता येते. आमच्यासारख्यांनी ती आधी स्वतःत घालायला हवी.

एवढं सगळं तुम्हाला का सांगितलं? कान्हेरीच्या फोटोत आपण बत्तीस जण कॅमेऱ्याकडे बघतोय. तेव्हा आपण चौदा वर्षांचे होतो, ते बरोबरच होतं. आता आपण पंचेचाळिशी ओलांडलीय. आपली मुलं फोटो काढतात ते बहुतेक स्वतःचेच. त्यांना रागवू नका, आपणही तेच केलंय. फक्त एकदा त्यांना खाडीवर घेऊन या. जानेवारीत मी जाणारच आहे. भरती-ओहोटीची वेळ बघून तारीख आपल्या ग्रुपवर कळवते. सर, बाई, तुम्हीही या. बोटीत चढायला आम्ही हात देऊ.

आणि तुमच्यातले निम्मे आज संध्याकाळी ठाण्याकडे परत जाणार आहेत. कळवा सोडल्यावर दोन मिनिटं मोबाइल पर्समध्ये ठेवा आणि खिडकीबाहेर बघा. ओहोटी असेल तर चिखलात बगळे दिसतील. निर्माल्य मात्र घरी कुंडीत घाला.