ट्रॅमाडॉल : वेदना आणि कायदा

वेदना ही रोगाची दूती होय, असे वैद्यकशास्त्र मानते. परंतु निरोप सांगून झाल्यावरही दूतीने उंबरठा सोडू नये, अशी अवस्था कर्करोगाच्या रुग्णावर ओढवते. या दुःखावर शतकानुशतके एकच खात्रीचा उतारा होता. तो म्हणजे अफू. मात्र अफू वेदना हरते, तसे माणसाचे स्वातंत्र्यही हरते. म्हणून व्यसन न लावणारे वेदनाशामक, खसखशीच्या बोंडावाचून, प्रयोगशाळेतच घडवावे हा रसायनज्ञांचा जुना ध्यास. १९६२ साली पश्चिम जर्मनीत ग्रुनेन्थाल कंपनीने ट्रॅमाडॉल तयार केले आणि १९७७ मध्ये ते बाजारात आले, तेव्हा हा ध्यास पुरा झाल्यासारखे वाटले.

ती आशा फसवी ठरली. ट्रॅमाडॉल स्वतः सौम्य असले, तरी गिळलेली गोळी यकृतातून जाताना तिच्यातून अधिक प्रबळ द्रव्य निर्माण होते, आणि ते मेंदूत मॉर्फिनच्याच जागा धरते. मात्रा वाढली की झटके येतात, श्वास मंदावतो. सवय जडलेल्याला ते सोडवत नाही.

भारतात २०१४ पासून त्याच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांवर बंधनकारक झाले. तेवढ्याने गैरवापर थांबला नाही. अखेर एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने ते गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांसंबंधीच्या १९८५ च्या अधिनियमाखाली आणले. ५ ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा आणि २५० ग्रॅमहून अधिक ती वाणिज्यिक मात्रा ठरली. वाणिज्यिक मात्रेच्या बेकायदा व्यापाराला किमान १० वर्षांचा सश्रम कारावास आहे.

मग प्रश्न मिटला काय? याच अधिनियमाचा मॉर्फिनच्या बाबतीतला अनुभव सावध करणारा आहे. १९८५ नंतर परवान्यांचे जंजाळ एवढे वाढले की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. कायदेशीर अफू पिकविणाऱ्या या देशात असंख्य रुग्ण तिच्या उताऱ्यावाचून तळमळत राहिले. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह काही अत्यावश्यक औषधांपुरती ही वाट सुकर केली. तथापि मोडलेली सवय एका कलमाने परत येत नाही. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही ट्रॅमाडॉलचा गैरवापर मान्य केला. तरीसुद्धा आंतरराष्ट्रीय नियंत्रणाची शिफारस तिने केली नाही. कारण जेथे मॉर्फिन पोहोचत नाही, तेथे पुष्कळदा हेच एक औषध हाताशी असते.

कुंपण शेताच्या राखणीसाठी असते. ते इतके उंच होऊ नये की शेतकऱ्यालाच आत जाता येऊ नये. नियंत्रणाची कसोटी किती गोळ्या जप्त झाल्या एवढीच नसावी. दूर खेड्यातल्या कर्करोगाच्या रुग्णाला रात्री झोप लागली की नाही, हेही त्याच कसोटीत मोजले गेले पाहिजे.