दैनंदिन व्यवहारात व प्रवासात क्रेडिट कार्ड : सोय आणि मुदत



व्यापाऱ्याच्या बोलण्यात 'पत' हा शब्द पैशाच्याही आधी येतो. क्रेडिट म्हणजे पतच. म्हणून क्रेडिट कार्ड ही परदेशातून आलेली अगदी नवी वस्तू आहे असे समजण्याचे कारण नाही. जुन्या पेढ्यांवर हुंडीचे दोन प्रकार चालत. दर्शनी हुंडी दाखविताच तिचे पैसे द्यावे लागत. मुद्दती हुंडीस ठराविक दिवसांची मुदत असे. दूरच्या शहरी निघालेला व्यापारी रोकड बरोबर न नेता एक कागद नेई आणि तेथील पेढीवरून रक्कम उचली. त्या कागदावर रक्कम अंकात, अक्षरात आणि शिवाय 'निम्मे इतके, त्याचे दुप्पट इतके' अशीही लिहीत, हेतू हा की खाडाखोडीस जागा राहू नये. आज कार्डावर असलेली चिप आणि मोबाईलवर येणारा ओटीपी यांच्यामागे तीच काळजी आहे.

जैन व्यापारी कवी बनारसीदास यांनी 1641 मध्ये लिहिलेल्या 'अर्धकथानक' या आत्मचरित्रात आग्र्यातील एका कचोरीवाल्याची हकीकत आहे. व्यापारात सर्वस्व गमावलेले बनारसीदास त्याच्याकडे कित्येक महिने उधारीवर कचोऱ्या खात राहिले. आपल्याजवळ पैसे नाहीत, हे त्यांनी त्याला स्वतःहून सांगितले. तरीही त्याने उधारी बंद केली नाही, आणि पुढे बनारसीदासांनी हिशेब चुकता केला. कचोरीवाल्याने माणूस पाहिला होता.

कोकणातील किरकोळ व्यापारही असाच चालत आला. वैभववाडीसारख्या बाजारात लग्नाचा बस्ता बांधला जाई, रक्कम खतावणीत नावे पडे आणि काजू-आंब्याचा हंगाम उरकला की, अथवा गणपतीला चाकरमानी मुंबईहून आले की, खाते चुकते होई. मुदत कोठे लिहिलेली नसे. घरात आजारपण आले तर दुकानदार थांबे. (हे थांबणे त्याला किती महाग पडे, याचा हिशेब मात्र कोणत्याच खतावणीत सापडत नाही.)

क्रेडिट कार्ड आणि ही उधारी यांत भेद एवढाच, की कार्ड थांबत नाही. त्याची सोय आणि त्याचा धोका, दोन्ही या एकाच गोष्टीत आहेत.

अमेरिकेत डायनर्स क्लबचे कार्ड 1950 मध्ये निघाले. भारतीय बँकांपैकी सेंट्रल बँक ऑफ इंडियाने 1980 मध्ये आपले कार्ड आणले. पुढची बरीच वर्षे ते मोठ्या शहरांतील मोठ्या हॉटेलांपुरतेच राहिले. 2012 मध्ये रुपे आले, 2016 मध्ये यूपीआय आले आणि 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागले. त्यामुळे ज्या दुकानात कार्डाचे यंत्र नाही, तेथेही क्यूआर कोडवर ते चालू शकते.

आता मुदतीचा हिशेब पाहावा. समजा, कार्डाचे बिल दरमहा 5 तारखेस निघते आणि भरणा 25 तारखेपर्यंत करावयाचा असतो. 6 तारखेस केलेली खरेदी पुढील महिन्याच्या बिलात येईल, म्हणजे सुमारे 50 दिवस बिनव्याजी मिळाले. तीच खरेदी 4 तारखेस केली, तर हाती 21 दिवसच राहतात. बिलाची तारीख ग्राहकास बदलून घेता येते, अशी तरतूद रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांत आहे. ज्याच्या हाती पैसा महिन्याच्या ठराविक दिवसांत येतो, त्याने ती अवश्य वापरावी.

खरी सोय प्रवासात दिसते. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि वैभववाडीकरांस मुंबई जवळ आली. गणपतीच्या दिवसांतील आरक्षण मात्र खुले होताच भरून जाते. नोव्हेंबर 2024 पासून हे आरक्षण 60 दिवस आधी मिळते. कुटुंबातील पाच-सहा जणांची जाता-येता तिकिटे एकदम काढताना त्या दिवशी खात्यात तेवढी रक्कम असेलच असे नाही. कार्डावर काढलेल्या तिकिटाचे पैसे पुढील बिलावर द्यावयाचे असतात आणि तिकीट रद्द झाल्यास परतावा त्याच कार्डावर येतो. सेवाशुल्क यूपीआयपेक्षा थोडे अधिक पडते, तेवढे सोसावे. शिखरजीसारख्या लांबच्या यात्रेत, पारसनाथ स्थानकापर्यंतच्या प्रवासात, रोकड सांभाळण्याचा घोरही कमी होतो. करूळ घाट चढून कोल्हापूरच्या रुग्णालयात रुग्णास दाखल करावे लागते, तेव्हा अनामत रक्कम मध्यरात्रीही भरता येते. ही एक सोय इतर सर्व सवलती आणि बक्षीस गुणांपेक्षा मोलाची आहे.

तथापि घाटात नेटवर्क जाते, गावात वीज जाते. थोडी रोकड खिशात असावीच.

आता ज्या ठिकाणी सुज्ञ माणसेही फसतात, तिकडे वळू. बिलावर 'किमान देय रक्कम' असे शब्द असतात. समजा, 50,000 रुपयांचे बिल आले आणि किमान देय 5 टक्के, म्हणजे 2,500 रुपये भरले. विलंबशुल्क लागत नाही, मनास वाटते भरणा झाला. उरलेल्या 47,500 रुपयांवर दरमहा 3.5 टक्के दराने एका महिन्याचे व्याज 1,662 रुपये 50 पैसे होते. त्यावर 18 टक्के जीएसटी धरता एकूण सुमारे 1,962 रुपये. म्हणजे पुढील महिन्यात पुन्हा 2,500 भरले, तर मुद्दलात पडणार जेमतेम 538 रुपये. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही जाते. वर्षाचा दर 42 टक्के झाला. गावातील सावकारही असा आकडा बोलताना आवाज खाली आणील! व्याजाला 30 टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला आहे. त्यामुळे त्या मर्यादेचा आधार उरलेला नाही. संपूर्ण रकमेचा भरणा मुदतीत खात्यातून आपोआप व्हावा, अशी सूचना बँकेस देऊन ठेवता येते. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोकड काढल्यास पहिल्या दिवसापासून व्याज लागते, म्हणून ते टाळावे.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. कार्डाच्या यंत्रावर 1,000 रुपयांची साडी विकली गेली, तर साधारण दोन टक्के शुल्क वजा होऊन त्याच्या खात्यात सुमारे 980 जमा होतात. ग्राहकास मिळालेल्या सवलतीचा काही भाग या वीस रुपयांतूनच येतो. कापडासारख्या चढाओढीच्या धंद्यात हे सहज सोसवत नाही. परंतु उधारीची वसुली करण्यास नोकर पाठवावा लागत नाही आणि खाते बुडत नाही, हे ध्यानी घेता अनेकांस हा सौदा परवडतो. ज्या छोट्या दुकानदारास तो परवडत नाही, त्याच्याकडे रोख अथवा खात्यातून यूपीआयने पैसे द्यावेत. तेथे कार्डाचा हट्ट धरणे शोभत नाही.

वृद्ध मंडळींनी एक नियम माहीत करून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना त्रयस्थाने पैसे लांबविले आणि बँकेस तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. परंतु ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच. ओटीपी बँकेचा खरा अधिकारीही विचारीत नाही. फसवणूक ध्यानात येताच प्रथम बँकेस सांगून कार्ड बंद करावे आणि 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बँकेचा दूरध्वनी क्रमांक घरातील वहीत लिहून ठेवावा. तो कार्डाच्याच पाकिटात ठेवला, तर पाकिटाबरोबर तोही जातो.