हेलपाटे कोणी घालायचे?



गावाच्या ठरावाला किंमत किती, हा प्रश्न आपल्या प्रत्येक बैठकीत निघतो. म्हणून फ्रान्समधल्या खेड्याचा कारभार कसा चालतो, ते आज आपण पाहू.

फ्रान्सची लोकसंख्या महाराष्ट्राच्या निम्म्याच्या आसपास. पण तिथं स्वतंत्र कारभाराची गावं-शहरं सुमारे 35 हजार. त्यांना ते 'कम्यून' म्हणतात. 1789 च्या क्रांतीत ही व्यवस्था उभी राहिली, 1884 च्या कायद्यानं पक्की झाली. शंभराच्या आतल्या वस्तीलासुद्धा 7 सभासदांचं मंडळ असतं. शंभरावर आणि पाचशेच्या आत असली तर 11. मुदत 6 वर्षं. सभासद आपल्यातूनच मेअर निवडतात. गावरस्ते, स्मशानभूमी, शाळेची इमारत, जन्ममृत्यूची नोंद ही त्याची कामं. लग्नसुद्धा कायद्यानं तोच लावतो.

आता मुद्द्याचं. प्रीफेक्ट म्हणजे आपल्या कलेक्टरासारखा सरकारी अधिकारी. पूर्वी गावाच्या कारभारावर त्याची देखरेख होती. 2 मार्च 1982 च्या कायद्यानं ती उठली. आता गाव ठराव करतं, प्रत प्रीफेक्टकडे धाडतं आणि अंमल सुरू करतं. ठराव बेकायदा वाटला तर प्रीफेक्टनं न्यायालयात जायचं. म्हणजे हेलपाटे साहेबाला, गावाला नाही.

लहान गावं परवडत नाहीत, एकत्र करा, असं तिथल्या सरकारलाही वाटलं. 1971 साली तसा कायदा झाला. बहुतेक गावांनी दाद दिली नाही. अलीकडे काही गावं एकत्र झाली, पण अजूनही खेडं आपली कचेरी सहजासहजी सोडत नाही.

मग तिथं सारं आबादीआबाद आहे का? नाही. 1970 साली फ्रान्समध्ये सुमारे 16 लाख शेतकरी-खाती होती. 2020 च्या कृषिगणनेत ती 4 लाखांच्या आसपास उरली. यंत्रं आली, लहान शेतं मोठ्यांत गेली, पोरं शहराला लागली. कित्येक खेड्यांत पाववाल्याचं दुकान बंद पडलं. शाळेची इमारत गावाची, पण मास्तर सरकारचा. पटावर पोरं कमी झाली की सरकार वर्ग बंद करतं. राहत्या घरावरचा कर 2023 पर्यंत सरकारनं रद्द केला. लोकांचे पैसे वाचले, पण स्वतःच्या हिमतीवर उत्पन्न उभं करायचं गावाचं एक साधन गेलं. बदल्यात जिल्ह्याच्या वाट्याचा मालमत्ता कर सरकारनं गावाकडे वळवला.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. ठरावाला अधिकार नसेल तर ग्रामसभा म्हणजे नुसती हजेरी. आणि अधिकार असूनही शेतीत पैसा उरला नाही, तर त्या खुर्चीवर बसायला गावात माणूस राहत नाही. कपाशीच्या भावाची लढाई आणि गावाच्या अधिकाराची लढाई आपल्याला वेगवेगळ्या लढता येणार नाहीत.

तेव्हा एक काम करा. मागच्या वर्षी आपल्या गावानं केलेले कोणते ठराव अडले, कोणत्या टेबलावर आणि किती दिवस, याची तारखांसह यादी काढा. पुढच्या जिल्हा बैठकीला ती घेऊन या. त्या यादीवरच आपण पुढचं आंदोलन ठरवू.