घरच्या डॉक्टरची लेखणी

श्रोतेहो, डॉक्टर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गळ्यातील नळी, टोचण्याची सुई आणि औषधांच्या बाटल्या उभ्या राहतात. परंतु ज्यास आपण घरचा डॉक्टर म्हणतो, त्याच्या टेबलावर आणखी एक उपकरण असते आणि ते दिवसभर त्याच्या हाती असते. ते म्हणजे त्याची लेखणी. दाखले, चिठ्ठ्या, केसपेपर व सरकारी नोंदी हे सारे निव्वळ कागदी काम असून खरे वैद्यक त्याहून निराळे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती कितपत बरोबर आहे, हे एका साध्या उदाहरणाने पाहू.

अशी कल्पना करा की, चाळिशीतील एक नोकरदार गृहस्थ दवाखान्यात आले आहेत. तीन आठवडे खोकला आहे, सायंकाळी अंग कसकसते, भूक मंदावली आहे. बाहेर बाकावर दहा-बारा माणसे खोळंबलेली. गृहस्थ म्हणतात, "डॉक्टरसाहेब, काही जालीम औषध द्या. आणि ऑफिसकरिता एक दाखला द्या. तेवढा मागल्या सोमवारपासूनचा लिहा." मागणी लहानशी; पण तिच्या पोटात तीन निर्णय आहेत.

पहिला औषधाचा. फ्लुरोक्विनोलोन वर्गातील एखादे जंतुनाशक दिल्यास चार दिवसांत बरे वाटू लागण्याचा संभव आहे, आणि धोका नेमका तेथेच आहे. ही औषधे क्षयाच्या जंतूंवरही काही अंशी चालतात. रोग बरा होत नाही, केवळ झाकला जातो. निदान लांबते आणि तेवढ्या अवधीत घरातील मुलाबाळांस संसर्ग पोचू शकतो. म्हणूनच दोन आठवडे किंवा अधिक खोकला असल्यास क्षयाची तपासणी करावी, असा आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा दंडक आहे. तेव्हा थुंकीच्या तपासणीची व छातीच्या क्ष-किरण चित्राची चिठ्ठी लिहिणे हाच येथे पहिला उपचार होय. रोग्यास मात्र वाटते, डॉक्टरांनी आज काहीच दिले नाही. ते वाटणे सोसून त्यास कारण समजावून सांगावयाचे, ही डॉक्टरची कसोटी.

दुसरा निर्णय दाखल्याचा. ज्या सोमवारी डॉक्टरने रोग्यास पाहिलेच नाही, त्या दिवसापासून तो आजारी असल्याची ग्वाही त्याने कशी द्यावी? 'रोग्याच्या सांगण्यावरून अमुक दिवसापासून त्रास. मी तपासले ते आज', इतके सत्य लिहिता येते आणि बहुधा तेवढ्याने काम भागते. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनी दाखल्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवावयास, दाखल्याची प्रत जपावयास आणि त्यावर रोग्याची सही अथवा अंगठा व ओळखीची खूण घ्यावयास सांगितले आहे. कोणी म्हणेल, एवढ्याशा कागदाचे इतके अवडंबर कशाला? उत्तर सोपे आहे. एक दाखला भिडेखातर लिहिला गेला की त्याच सहीचे पुढचे खरे दाखलेही संशयास पात्र होतात, आणि त्याचा भुर्दंड पडतो तो खरोखरी आजारी असणाऱ्यास.

तिसरा निर्णय सर्वांत नाजूक. तपासणीत क्षय निघाला, आणि गृहस्थ हात जोडून म्हणाले, "माझे नाव कोठे कळवू नका." परंतु 2012 पासून खासगी डॉक्टरांसही प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे बंधनकारक आहे. रोग्याचे गुपित राखणे हा डॉक्टरचा धर्म खरा. तथापि अशा रोगांची वर्दी देण्यास नियमांनीच मुभा दिलेली आहे. ती वर्दी आरोग्यखात्यास जाते. ऑफिसात वा शेजारीपाजारी नव्हे. तिच्यामुळे मोफत औषधांचा मार्ग खुला होतो, घरच्या मंडळींची तपासणी होते, आणि 2018 साली सुरू झालेल्या पोषण-साहाय्याचे पैसे मिळतात. साध्या क्षयाचा उपचारही सुमारे सहा महिने चालतो. एवढा काळ रोग्याच्या पाठीशी कोणी उभे असावे लागते. ज्यास आपण कारकुनी म्हणालो, ती येथे औषधाइतकीच गुणकारी ठरते.

मात्र तपासणीत काहीच आढळले नाही तर? रॉजर नेबर या इंग्रज डॉक्टरांनी 1987 साली आपल्या ग्रंथात अशा प्रसंगी तीन प्रश्न स्वतःस विचारावयास सांगितले. माझा अंदाज खरा असेल तर पुढे काय घडेल? तो चुकला असल्यास मला कसे कळेल? आणि तेव्हा मी काय करीन? या प्रश्नांची उत्तरे केसपेपरावर उतरली पाहिजेत. 'दहा दिवसांनी पुन्हा पाहणे. वजन घटल्यास वा थुंकीतून रक्त पडल्यास तात्काळ' ही एक ओळ, डॉक्टर परगावी गेला तरी, त्याच्या जागी बसणाऱ्या दुसऱ्यास सर्व काही सांगते.

श्रोतेहो, यात आपलाही वाटा आहे. जुने केसपेपर व तपासण्यांचे अहवाल एका फाइलीत तारीखवार लावून ठेवावेत व दवाखान्यात जाताना बरोबर न्यावेत. ज्या दिवसाचा दाखला देता येत नाही, तो मागून डॉक्टरास भिडेत पाडू नये. आणि उठण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: "पुन्हा केव्हा येऊ, आणि काय झाले तर त्याआधी येऊ?" जो डॉक्टर या प्रश्नाचे उत्तर देऊन ते कागदावर लिहून देतो, त्याच्याकडून औषधाची बाटली मिळाली नाही, तरी आपण रिकाम्या हाताने परतलो असे समजू नये.