टप्पेवार दराचा तक्ता

वापर वाढेल तसा एककाचा दर बदलतो, तेव्हा त्याला टप्पेवार दर म्हणतात. घरगुती वीजबिल हे त्याचे परिचित उदाहरण. महावितरणच्या बिलात १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे असतात. दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो.

हा तक्ता बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भरताना आधी हिशेबाची रीत ठरवावी लागते. समजा, पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये आणि पुढच्या टप्प्याला १० रुपये दर आहे. १०१ युनिटांचे बिल टप्प्याटप्प्याने काढले तर ५१० रुपये होते. सगळ्याच वापराला वरचा दर लावला तर १,०१० रुपये होतात, म्हणजे एका जादा युनिटासाठी ५१० रुपये. वीजबिलाला पहिलीच रीत लागू आहे. घाऊक विक्रीत मात्र दुसरी चालते: माल ठरावीक नगांच्या वर गेला की सगळ्याच नगांना कमी भाव. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पर्याय बहुधा शेजारीशेजारी असतात आणि चुकीचा निवडला तरी बिल निमूटपणे छापले जाते. म्हणून हा निर्णय आधी कागदावर लिहून ठेवणे आवश्यक आहे.

तक्त्यात प्रत्येक टप्प्याची फक्त वरची मर्यादा नोंदवावी. शेवटचा टप्पा खुला ठेवावा. ‘१०० पर्यंत’ आणि ‘१०१ पासून’ अशा दोन्ही कडा नोंदवल्या, तर १००.४ युनिट कुठल्याच टप्प्यात बसत नाहीत.

सर्वांत नाजूक भाग कालावधीचा. टप्पे एका महिन्याचे असतात, पण रीडिंग नेहमी महिन्याने होत नाही. २०२० च्या टाळेबंदीत मीटर वाचन थांबले आणि जूनमध्ये साठलेल्या वापराची बिले एकत्र आली, तेव्हा वरच्या टप्प्याचा दर लागल्याच्या शंकेने ग्राहक धास्तावले होते. तीन महिन्यांत ३०० युनिट जळले, तर टप्प्याची मर्यादाही तिप्पट करावी लागते. आधीच्या उदाहरणातल्याच दरांनी बिल १,५०० रुपये होते. तिप्पट न केल्यास २,५००. हा फरक ग्राहकावर अन्यायच आहे.

दर बदलला की जुनी ओळ खोडायची नाही. नवी ओळ लागू तारखेसह जोडायची. तसे नसेल तर मागील बिलाची दुरुस्ती करताना आजचा दर लागतो. रक्कम पैशांत, पूर्णांकात साठवावी आणि पूर्णांकन एकदाच, शेवटी करावे. स्थिर आकार टप्प्यांत मिसळू नये, कारण वापर शून्य असला तरी तो आकारला जातो.

तपासणी कडांवर करावी: ०, १००, १०१, ३००, ३०१. मधल्या आकड्यांवर चुका सहसा दिसत नाहीत. शिवाय प्रत्येक टप्प्यातील युनिट, दर आणि रक्कम बिलावर स्वतंत्र छापावी. नुसती एकूण रक्कम दाखवणारे बिल ग्राहकाला पडताळता येत नाही, आणि असे बिल अपुरेच मानले पाहिजे.