‘हो’ म्हटल्यानंतर

आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

थोड्या वेळापूर्वी तुम्ही सगळे उभे राहिलात आणि एका आवाजात प्रतिज्ञा म्हटलीत. शिकून निघणाऱ्याला निरोपाचे चार शब्द सांगायचे ही आपल्याकडची फार जुनी रीत. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आचार्य शिष्याला निरोप देतात, तेव्हा त्यांचं पहिलंच सांगणं खरं बोलण्याचं आहे. धर्माचरणाचा क्रम त्यानंतर लागतो. या ख्रिस्ती महाविद्यालयाच्या मंडपात त्या परंपरेचं मी आदरानं स्मरण करतो आणि तुमच्यापुढे एक अडचण ठेवतो. ज्या प्रभूच्या नावानं ही संस्था चालते, त्यानं डोंगरावरील प्रवचनात शपथ मुळी वाहूच नका, असं सांगितलं आहे. होय असेल तर होय म्हणा, नाही असेल तर नाही म्हणा, त्यावर भर घालू नका, हा त्याच्या सांगण्याचा आशय. मग आत्ता तुम्ही जे म्हटलंत, त्याचा अर्थ काय लावायचा?

येशूच्या काळी शपथांची उतरंड लागलेली होती. मंदिराची शपथ वाहिली तर बांधील नाही, मंदिरातल्या सोन्याची वाहिली तर बांधील. वेदीची सुटते, वेदीवरच्या दानाची सुटत नाही. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू या हिशेबावर संतापून बोलतो. आपल्याला हा हिशेब परका नाही. लहानपणी आपण ‘आईशप्पथ’ म्हणतो, त्यानं भागलं नाही तर ‘देवाशप्पथ’ म्हणतो, आणि तरीही समोरचा म्हणतो, ‘गळ्याला हात लावून सांग.’ म्हणजे नुसत्या बोलण्याची किंमत आपण आधीच उतरवून ठेवलेली असते. शपथ घेऊन बोललेलं खरं आणि एरवी बोललेलं ‘बघू’, असे शब्दाचे दोन भाव पडतात. येशूनं मोडली ती ही दोन भावांची पद्धत. माझं आजचं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढचं आहे, आणि ते आपल्या भाषेतच दडलेलं आहे. मराठीत आपण शब्द ‘देतो’. दिलेली वस्तू देणाऱ्याची राहत नाही, घेणाऱ्याची होते. म्हणून शब्द पाळला की नाही, हे ठरवताना मला काय म्हणायचं होतं, एवढं पाहून पुरत नाही. ज्यानं तो घेतला त्यानं काय घेतलं, हे पाहावं लागतं. बोलणाऱ्याला हे ठाऊक असतं किंवा असायला हवं. प्रामाणिकपणाची खरी कसोटी शब्द पाळण्याच्या आधी, तो देण्याच्या क्षणी लागते, ती याचमुळे.

हे व्यवहारात कसं उतरतं, ते सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये दिसतं. जॉर्ज फॉक्स यांच्या भोवती जमलेल्या क्वेकर मंडळींनी डोंगरावरचं ते वचन शब्दशः घेतलं. न्यायालयात शपथ घ्यायची नाही, राजनिष्ठेचीही नाही. शपथ घेतली तर एरवीचं माझं बोलणं कमी खरं असतं अशी कबुलीच दिल्यासारखं होईल, असं त्यांचं म्हणणं. १६६२ साली त्यांच्याविरुद्ध खास कायदा झाला. मार्गारेट फेल यांना १६६४ मध्ये शपथ नाकारल्याबद्दल लँकास्टरच्या तुरुंगात टाकलं आणि त्या काही वर्षं तिथे राहिल्या. शपथेऐवजी साधं प्रतिज्ञापूर्वक कथन इंग्लंडच्या कायद्यानं मान्य केलं ते १६९६ मध्ये. आज आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ याच्या जोडीला ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ हा पर्याय दिसतो. त्या पर्यायाचा एक धागा या लोकांनी सोसलेल्या तुरुंगापर्यंत पोचतो. पण मला न्यायालयापेक्षा त्यांची दुकानं अधिक महत्त्वाची वाटतात. तेव्हाच्या बाजारात घासाघीस हीच रीत होती. दुकानदार जास्त सांगायचा, गिऱ्हाईक कमी मागायचं आणि दोघंही मनात नसलेला आकडा तोंडानं बोलायचे. ज्या भावाला द्यायचं नाही तो भाव सांगणं म्हणजे खोटं बोलणं, असं म्हणून क्वेकरांनी एकच भाव ठेवला. सुरुवातीला गिऱ्हाइकं तुटली. पुढे लोकांच्या लक्षात आलं की या दुकानात लहान मूल पाठवलं तरी ते फसून येत नाही, आणि मग गर्दी होऊ लागली. ही आठवण फॉक्स यांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहे. त्यातलं मूल मला फार मोलाचं वाटतं. त्याला घासाघीस येत नाही, वजनं कळत नाहीत, जाब विचारता येत नाही. शब्दाचं माप घेणाऱ्याकडे असतं असं मी म्हणतो, तेव्हा असाच घेणारा माझ्या डोळ्यांपुढे असतो.

इथे तुमच्यातला कोणीतरी मनात म्हणत असेल की, चारशे वर्षांपूर्वीचं दुकान ठीक आहे, आजच्या धंद्यात हे परवडत नाही. गिऱ्हाइकं परत आली म्हणून सचोटी फायद्याची असते, असं मी सांगणार नाही. तसा भरवसा प्रभूनं कुठेच दिलेला नाही. उलट सचोटीचा लौकिकच कसा धोक्याचा होतो, ते पाहा. चॉकलेट बनवणारं कॅडबरी घराणं क्वेकरच. कामगारांसाठी त्यांनी बोर्नव्हिल हे गाव वसवलं. त्यांचा बराचसा कोको पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या साओ टोमे आणि प्रिन्सिपे या बेटांवरून यायचा. तिथले मजूर अंगोलातून आणलेले. कागदावर ते पाच वर्षांच्या करारावर आलेले कामगार होते. प्रत्यक्षात तिथून परतणारा माणूस जवळपास दिसतच नसे. तिथे गुलामगिरी चालते, हे कंपनीच्या कानावर १९०१ मध्ये आलं. चौकशीला माणूस पाठवला गेला, सरकारशी बोलणी झाली, आणि खरेदी थांबली १९०९ च्या मार्चमध्ये. त्याआधी ‘स्टँडर्ड’ या वृत्तपत्रानं त्यांच्या दुटप्पीपणावर टीका केली होती. कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. डिसेंबर १९०९ मध्ये बर्मिंगहॅमच्या ज्युरीनं निकाल त्यांच्या बाजूनं दिला आणि भरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. खरेदी चालू ठेवली तरच सुधारणेसाठी दबाव आणता येईल, हा त्यांचा युक्तिवाद निव्वळ बहाणा होता असं मला वाटत नाही. तरीही ती आठ वर्षं मला खुपतात. त्यांनी बाजारात एकही खोटा शब्द उच्चारला नसेल. पण डबा विकत घेणाऱ्यानं त्यांच्या नावातून एक शब्द घेतला होता, आणि तो खरा नाही हे घराण्याला ठाऊक होत गेलं. त्या बेटांवरच्या कराराकडेही पाहा. त्यावर सही होती, मुदत होती, सगळं कायदेशीर होतं. कागद पक्का असला म्हणजे शब्द खरा होतो, असं म्हणणाऱ्यांनी तो कागद आठवावा.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. शब्द चुकून दिला, फसून दिला, किंवा तो पाळल्यानं पाप घडणार असेल, तर काय? पवित्र शास्त्र या प्रश्नाला बगल देत नाही. यहोशवाच्या नवव्या अध्यायात गिबोनचे लोक येतात. बुरसटलेल्या भाकरी, उसवून शिवलेले द्राक्षारसाचे बुधले, ठिगळं लावलेले जोडे, असा सगळा देखावा करून ते सांगतात की, आम्ही फार लांबून आलो, आमच्याशी करार करा. इस्राएलाचे सरदार परमेश्वराला न विचारता करार करतात. तीन दिवसांनी कळतं की हे तर शेजारीच राहणारे. लोक कुरकुर करतात, पण सरदार शब्द मोडत नाहीत. गिबोनकरांना चाकरी लागते, जीव वाचतो. लगेच पुढच्या अध्यायात पाच राजे गिबोनवर चालून येतात, आणि यहोशवा गिलगालहून रातोरात कूच करून त्यांच्या रक्षणाला जातो. करारात फक्त जीवदानाचं बोलणं होतं. तिऱ्हाइताकडून ते मारले गेले असते तरी करार अक्षरानं शाबूत राहिला असता. तो रात्रीचा प्रवास अक्षरासाठी झाला नाही. त्या लोकांनी जे घेतलं होतं, त्याच्यासाठी झाला. पुढे शौलानं हा शब्द मोडला आणि दाविदाच्या काळात देशानं तीन वर्षं दुष्काळ भोगला, असं शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात येतं. म्हणजे फसून दिलेला शब्दही सुटत नाही, नुकसान सोसून पाळावा लागतो. तोट्यात जाऊनही शपथ न फिरवणारा माणूस पंधराव्या स्तोत्रात परमेश्वराच्या मंडपात राहायला योग्य ठरतो. पण हेरोदानं पाहुण्यांदेखत दिलेल्या शब्दासाठी योहानाचं शिर कापवलं, तिथे तो शब्दाला जागला असं कोणी म्हणणार नाही. आपण तोट्यात जाणं वेगळं आणि दुसऱ्याच्या मानेवर आपली अब्रू राखणं वेगळं. तसा शब्द उघडपणे, लाज पत्करून परत घ्यावा. फारोच्या हुकमातून बाळं वाचवण्यासाठी खोटं सांगणाऱ्या शिफ्रा आणि पुवा या सुइणींचा दाखलाही कोणी देईल. मी त्यांच्यापुढे मान लववतो. मात्र जीव वाचवण्यासाठी फारोपुढे उभं राहणं आणि हजेरीपटावर खोटी सही करणं यांची कोणी सांगड घालू नये.

सर्वांत अवघड दाखला आपल्या घरचा आहे. पंडिता रमाबाईंचा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या धर्मभगिनींनी मायेनं शिकवलेली काही मतं आपल्याला पटत नाहीत, हे त्यांनी पत्रांतून निर्भीडपणे लिहिलं. आसरा देणाऱ्यांपुढेही न पटलेल्या गोष्टीला त्यांनी होकार दिला नाही. याच रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. शब्द असा होता की, सदनात धर्मशिक्षण दिलं जाणार नाही, मुलींच्या आचारात ढवळाढवळ होणार नाही. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं त्या शब्दावर सल्लागार झाली. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करत. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांनी कोणाला बोलावलं नाही, आणि आलेल्यांना घालवूनही दिलं नाही. ‘केसरी’तून टीकेची झोड उठली आणि १८९३ च्या ऑगस्टमध्ये सल्लागार मंडळानं राजीनामा दिला. आपल्या मंडळ्यांमध्ये ही हकीकत रमाबाईंच्या छळाची म्हणून सांगितली जाते. त्यांच्यावर अन्याय्य टीका झाली, हे खरंच. त्यांनी दार लावून घेतलं असतं तर ते स्वतःलाच लपवणं झालं असतं, हेही मला पटतं. पण माझ्याच मापानं पाहिलं तर रानडे-भांडारकरांचंही ऐकावं लागतं. पुण्यातल्या ज्या बापानं आपली विधवा पोर समाजाचा रोष पत्करून सदनात ठेवली, त्यानं ‘तटस्थता’ या शब्दातून काय घेतलं होतं? जिच्यावर मुलीचा जीव जडला आहे अशा शिक्षिकेच्या प्रार्थनेला रोज जाऊन बसणं, हे त्याच्या लेखी शिकवणंच होतं. रमाबाईंनी शब्द मोडला नाही, असं माझं मत आहे. मात्र तो शब्द देणाऱ्याच्या मनात एक आणि घेणाऱ्याच्या मनात दुसरा होता, आणि ते अंतर वेळीच बोलून मिटवलं गेलं नाही. त्याची किंमत कोणी मोजली? ज्यांना घरच्यांनी सदनातून काढून नेलं, त्या मुलींनी.

तुमच्यातले काही रुग्णालयात जातील, काही बांधकामावर, काही शाळेत, काही मंडळीच्या सेवेत. पहाटे तीन वाजता वॉर्डात कोणी बघत नसतं. न मोजलेला ताप तक्त्यावर भरून सही करता येते. डोळे मिटून पडलेल्या रुग्णाला तो आकडा म्हणजे तुमचा शब्द असतो, आणि सकाळी डॉक्टर त्यावरच औषध ठरवतात. मेजरमेंट बुकात न पाहिलेल्या पायाची खोली लिहिणारा अभियंता पुढे त्या घरात राहायला येणाऱ्या, अजून न जन्मलेल्या माणसालाही शब्द देऊन बसतो. मंडळीत ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! रुग्णाच्या उशाशी बसलेली माऊली ते खरं मानून घरी जाते. म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे की, शब्द कमी द्या. ‘करतो’ म्हणण्याआधी ‘यातलं एवढंच जमेल’ हे सांगण्याचा संकोच करू नका. समोरच्यानं जास्त ऐकलं असं वाटलं, तर त्याला थांबवून पुन्हा सांगा, त्यात तुमची संधी गेली तरी.

आणि रमाबाईंची गोष्ट १८९३ मध्ये संपत नाही. अमेरिकेतल्या साहाय्यक मंडळानं शारदा सदनाला दहा वर्षांसाठी पाठबळ देऊ केलं होतं. ती मुदत संपत आल्यावर, १८९८ मध्ये रमाबाई समुद्र ओलांडून त्या मंडळासमोर गेल्या. जुन्या अटी जिथे संपत होत्या तिथे संपू दिल्या, आणि इथून पुढे आपलं काम उघडपणे ख्रिस्ती असेल हे देणगीदारांपुढे स्पष्ट केलं. मंडळाची घडी नव्यानं बसवली गेली. त्याच वर्षी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे मुलगी पोचवायला येणाऱ्याला आत कोणाची प्रार्थना चालते, हे फाटकातच कळत होतं.