तोतरेपणाचा माग

आईबापांच्या टोकण्यातूनच मूल तोतरं होतं, असं अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे वेंडेल जॉन्सन मांडत. ते स्वतःही अडखळत बोलत. तिथेच शिकलेले एहूद याइरी, तेही तोतरेच, पुढे इलिनॉय विद्यापीठात गेले आणि त्यांनी वेगळी वाट धरली. मोठ्यांच्या आठवणींवर विसंबण्याऐवजी त्यांनी नुकतीच अडखळू लागलेली चिमुरडी मुलं गाठली आणि वर्षानुवर्षं त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. केवढी ही चिकाटी! दिसलं असं, की सुमारे तीन चतुर्थांश मुलं उपचारांविनाही सुधारतात. त्यातही मुली जास्त. सहकारी निकोलिन अँब्रोज यांच्यासोबत याइरींनी या मुलांच्या घराण्यांचा इतिहास तपासला, तेव्हा आनुवंशिकतेचा धागा हाती लागला. म्हणून आईबापांना बोल लावणं आता पुरे. अडखळणं टिकून राहिलं, तर मात्र वाचा-उपचारतज्ज्ञांना गाठावं.